हंस एसेक्सचे, हिशेब लेमिंगचा

ऑक्टोबरात इंग्लंडच्या एसेक्स किनाऱ्यावर ओहोटी लागली, की उघड्या पडलेल्या चिखलावर काळपट पक्ष्यांचे थवे उतरू लागतात. हे ब्रेंट हंस. आपल्या मनातल्या हंसाचा शुभ्रपणा यांच्यात नाही. आकार जेमतेम बदकाएवढा, डोकं-मान काजळासारखी काळी आणि गळ्याशी तेवढी पांढरी रेघ. पण विणीचा हंगाम सैबेरियाच्या तैमिर द्वीपकल्पावर उरकून, चार हजारांहून जास्त किलोमीटर उडून ते इथं पोहोचलेले असतात.

पक्षी मोजणारे दुर्बिणीतून त्यांचे पंख बघतात. मिटलेल्या पंखावर पांढरे पट्टे दिसले, तर ते यंदाचं पिल्लू. कुटुंबं हिवाळाभर एकत्र राहतात, त्यामुळे कुठल्या जोडीची किती पिल्लं तेही कळतं. एखाद्या वर्षी थव्यातला तिसरा हिस्सा पिल्लांचाच असतो, तर एखाद्या वर्षी शोधूनही पिल्लू सापडत नाही. याचं कारण असतं तैमिरमध्ये: लेमिंग नावाचा उंदरासारखा प्राणी. लेमिंग अमाप झाले, की आर्क्टिक कोल्हे त्यांच्यावरच पोट भरतात. दर तीनेक वर्षांनी लेमिंगची संख्या कोसळते आणि मग भुकेले कोल्हे हंसांच्या घरट्यांकडे वळतात.

हिवाळ्यात या हंसांचं आवडतं खाणं म्हणजे झोस्टेरा हे समुद्रगवत. नाव गवत असलं तरी ते गवत नाही आणि शेवाळही नाही. खाऱ्या पाण्यात फुलणारी वनस्पती आहे. ब्रेंट हंस अन्नासाठी बुडी मारत नाही, मान पोहोचेल तेवढंच खातो. म्हणून त्याचा दिवस भरती-ओहोटीवर चालतो. खाल्लेलं नीट पचतही नाही, त्यामुळे सारखं चरत राहावं लागतं. पोटात जाणारं जादा मीठ डोळ्यांवरच्या ग्रंथी रक्तातून गाळतात आणि ते नाकपुड्यांतून ठिबकतं. दूध-पाणी वेगळं करणारा हंस कवींचा; मीठ-पाणी वेगळं करणारा हा खरा!

1930च्या दशकात अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर समुद्रगवताला रोग लागला. लॅबिरिंथुला नावाच्या सूक्ष्मजीवानं बहुतेक सगळी कुरणं संपवली. त्यात शिकारही चालूच होती. 1950च्या दशकात तैमिरचे हे हंस वीस हजारांच्याही खाली आले. ब्रिटननं 1954मध्ये आणि डेन्मार्कनं 1972मध्ये शिकार थांबवली. 1990च्या दशकापर्यंत संख्या अडीच लाखांच्या आसपास गेली.

एवढ्या तोंडांना समुद्रगवत पुरेना. 1970च्या दशकात हंस समुद्राचा बांध ओलांडून गव्हाच्या कोवळ्या पिकात शिरू लागले. शेतकरी बार काढून हाकलतात, थवा उठतो आणि शेजारच्या शेतात बसतो. वसंतात वाडन समुद्राकाठच्या (नेदरलँड्स ते डेन्मार्क किनाऱ्यालगतचा उथळ समुद्र) खारट कुरणांवर चरून ते अंगावर चरबी चढवतात आणि मे अखेरीस उत्तरेला निघतात. तिकडे लेमिंगचं काय झालं, ते एसेक्सला ऑक्टोबरात कळतं.