उजव्या मेंदूचा कलाकार, डाव्या मेंदूचा गणिती? खुलासा

परवा सांगलीच्या विश्रामबागेत एक आई सांगत होती, "आमचा पोरगा उजव्या मेंदूचा. चित्रं झकास काढतो, गणित काही जमायचं नाही." वाईट वाटलं. नऊ वर्षांच्या पोराचा अर्धा मेंदू आपण बाद करून टाकतो!

उजवा मेंदू कलेचा, डावा गणिताचा, या समजुतीचं मूळ खऱ्या प्रयोगांत आहे. फिट्स आवरण्यासाठी काही रुग्णांच्या मेंदूचे दोन भाग जोडणारा तंतूंचा जाड पट्टा कापला होता. अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरींनी त्यांचा अभ्यास केला. १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं. बहुतेकांत भाषा मुख्यतः डावीकडे असते, हे खरंच. पण तुमच्याआमच्या डोक्यात तो पट्टा शाबूत आहे, म्हणजे दोन्ही भाग जोडलेलेच आहेत. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी हजारावर मेंदूंचे स्कॅन तपासले. 'उजव्या' किंवा 'डाव्या' मेंदूची माणसं त्यांना आढळली नाहीत.

नवं सुचताना मेंदूतलं मनाला भटकू देणारं जाळं आणि सुचलेलं पारखणारं जाळं मिळून काम करतात. ही दोन्ही जाळी मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूंना पसरलेली. याच सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं. पदं रचायला शब्द लागतात, तालाचा हिशेबही लागतो.

त्या आईला म्हटलं, 'उजवा मेंदू जागवा' वर्गाची फी भरू नका.