बिनकोटाचा वकील

थळ, रोहा-धाटाव, लोटे-परशुराम, जयगड. कोकणात कारखाना आला की त्याच्या मागोमाग एक माणूस हमखास यायचा, तलाठ्याच्या दप्तरात मान खाली घालून बसणारा. कंपनीत तो ‘लॉ ऑफिसर’, गावात ‘कंपनीचा वकील’. खरे तर तो सनद बाजूला ठेवून आलेला असे. १९६१ च्या अॅडव्होकेट्स कायद्याखालच्या बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली बंद. कोर्टात उभा राहायचा तो पॅनेलवरचा, म्हणजे कंपनीने बाहेरून नेमलेला वकील. याने मागच्या बाकावर फाइल घेऊन बसायचे, पुढची तारीख टिपायची आणि संध्याकाळी मॅनेजरला कळवायची. बढती मिळाली तरी बसायची जागा बहुधा पर्सोनेलवाल्यांच्या शेजारीच, कारण उरलेले काम कामगारांच्या चौकशा आणि लेबर कोर्ट.

एमआयडीसीच्या हद्दीत जमिनीची डोकेदुखी सरकारची. हद्दीबाहेर मात्र ती याची. १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. उद्योगांसाठी ही वाट १९९४ मध्ये कलम ६३-१अ ने मोकळी झाली. पण कायदा मोकळा झाला म्हणून सातबारा मोकळा होत नाही. पंधरा गुंठ्यांच्या तुकड्यावर वीस-पंचवीस नावे, ही कोकणात नवलाची गोष्ट नव्हे. त्यातले काही मयत, वारस नोंद नाही. निम्मे लालबाग-परळला, गणपतीलाच भेटणारे. एका आत्याने हक्क सोडला म्हणतात, पण हक्कसोडपत्राची नोंदणीच नाही. ‘इतर हक्कां’त एखादे कूळ बसलेले. खोती, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या खोतांची सत्ता, १९४९ च्या कायद्याने गेली, तिच्या काळातले फेरफार मात्र उतरत राहिले. हे वाचता येणारा माणूस कंपनीला फार मोलाचा होता. पगारावरून ते कधी दिसले नाही, हा भाग वेगळा.

कंपन्यांना त्याला आधी विचारायची सवय लागली ती भीतीपोटी, असे माझे मत. १९८४ ला भोपाळ झाले, १९८६ ला पर्यावरण संरक्षण कायदा आला. कंपनीने गुन्हा केला तर कारभार ज्याच्या हाती तोही दोषी, असे त्याचे कलम १६ सांगत होते. दंड कंपनी भरेल, पण तुरुंगात कंपनी कशी जाणार? साहेब लोक तिथे जागे झाले. पाठोपाठ फेब्रुवारी १९९१ मध्ये सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर बंधने घालणारी अधिसूचना आली. भरतीरेषेपासून ५०० मीटर, आणि तेही केवळ समुद्रावर नव्हे, भरतीचे पाणी शिरते त्या खाड्यांच्या काठांनाही बंधने. कोकणात खाडी चुकवून जाणार कुठे? जमीन घेऊन झाल्यावर कागद दाखवायचा, हा जुना क्रम मोडला.

त्यात दाभोळ. एन्रॉनचा वीजखरेदी करार डिसेंबर १९९३ चा. ऑगस्ट १९९५ मध्ये राज्य सरकारने तो रद्द केला आणि गुहागरच्या प्रकल्पाचा वाद लंडनच्या लवादापुढे गेला. पुढे तडजोड झाली, वीज सुरू झाली, २००१ मध्ये प्रकल्प बंदही पडला. जमिनीइतकेच कराराचे कलमही उलटते, हे त्या निमित्ताने सर्वांना कळले.

मग २०१३. त्या एकाच सालात नवा कंपनी कायदा, कार्यस्थळी लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आणि नवा भूसंपादन कायदा. शेवटच्यात खासगी कंपनीसाठी जमीन संपादित करायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी. लॉ ऑफिसरचे ‘हेड लीगल’ झाले, संचालकांच्या बैठकीत खुर्ची आली.

कायद्याच्या नजरेत मात्र तो अधांतरीच. विजय मेटल वर्क्सच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९८१ मध्ये पगारी सल्लागाराच्या सल्ल्यालाही वकिलाच्या सल्ल्यासारखीच गोपनीयता दिली होती. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वेगळे सांगितले: भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चे, म्हणजे वकील-अशिलातल्या गोपनीयतेचे संरक्षण नोकरीतल्या सल्लागाराला नाही, आणि मालकाशी त्याचे जे बोलणे होते त्याला कायदेशीर सल्लागाराशी झालेले बोलणे झाकणाऱ्या कलम १३४ चाही आधार नाही. म्हणजे अडचणीचा प्रश्न पुन्हा बाहेरच्या वकिलालाच विचारायचा.

दरम्यान ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गाची उच्च न्यायालयातली प्रकरणे कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेली. रायगडवाले अजून मुंबईलाच जातात. रत्नागिरीचा हेड लीगल आता आंबा घाट चढतो आणि कोर्टात पोचला की फाइल घेऊन मागच्या बाकावर बसतो.