पार्श्वसंकेत वजावट (जैविक वर्णपट)

जैविक नमुन्याच्या वर्णपटात, म्हणजे तरंगलांबीनुसार उजेड किती आहे याच्या नोंदीत, शोधायच्या रेणूंखेरीज इतर कारणांनी मिसळलेला उजेड ओळखून वजा करण्याची रीत. रामन वर्णपटात तिची गरज सर्वांत जास्त. रेणूंवर आदळून विखुरताना उजेडाची तरंगलांबी बदलते, हा चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली कोलकात्यात दाखवलेला परिणाम मुळातच क्षीण: साधारण कोटीभर फोटॉनांमागे एखादाच तरंगलांबी बदलून परततो. पानातले हरितद्रव्य मात्र लेसर पडताच स्वतः उजळते. या अनुस्फुरणापुढे रामन संकेत दिसेनासा होतो.

वरूड-मोर्शी पट्ट्यातल्या संत्र्याचे पान घ्या. ६३३ नॅनोमीटरचा लाल लेसर वापरला, तर हरितद्रव्याचा ६५० ते ७५० नॅनोमीटरचा उजेड नेमका रामन शिखरांच्या जागीच येऊन बसतो. म्हणून पानांसाठी ७८५ किंवा १०६४ नॅनोमीटरचा लेसर बरा. तरीही वर्णपटाखाली एक उतरंड, म्हणजे नको असलेल्या उजेडाचा उतरता थर, राहतेच. कॅरोटिनॉइडांची (पानातल्या पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्यांची) ११५७ आणि १५२५ प्रति सेंमीजवळची (रामन वर्णपटात उजेडातला बदल मोजायचे एकक) शिखरे त्या उतरंडीवर उभी असतात. वजावट करणे म्हणजे वावरात उभ्या पिकाखालची जमीन कुठे आहे, हे पीक न उपटता ठरवणे.

चॅड लीबर आणि अनिता महादेवन-जॅन्सेन यांनी २००३ मध्ये सुचवलेल्या पद्धतीत वर्णपटातून एक बहुपदी वक्र (घातांच्या बेरजेच्या सूत्राने काढलेली गुळगुळीत रेषा) काढतात, वक्राच्या वर आलेले बिंदू छाटून वक्रावर आणतात आणि पुन्हा वक्र काढतात. असे करत करत वक्र शिखरांच्या पायथ्याशी स्थिरावतो. बहुपदीचा घात फार वाढवला तर वक्र प्रथिनांच्या रुंद पट्ट्यांत शिरून त्यांनाच खातो. फार कमी ठेवला तर उतरंड उरते आणि निरोगी-रोगट पाने वेगळी करणारी संगणकप्रणाली रोगाऐवजी उतरंडच शिकते. रोगाने पान पिवळे पडले की अनुस्फुरणही बदलते, म्हणजे वजा केलेल्या भागातही रोगाची खूण असू शकते. त्यामुळे मूळ नोंद कधीही पुसू नये. पानावरची कोळशी (काळी बुरशी) आणि धूळ मात्र आधीच ओल्या कापसाने पुसावी. काळा थर लेसर शोषून तापतो, आणि जळालेल्या पानाचा वर्णपट कोणतेही गणित परत आणू शकत नाही.

गडचिरोली-चंद्रपूरकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यासाठी वर्णपटाने तपासायच्या रक्ताच्या थेंबाची अडचण निराळी. ७८५ नॅनोमीटरच्या लेसरखाली साधी काचपट्टीच १४०० प्रति सेंमीच्या आसपास रुंद उंचवटा देते. रिकाम्या पट्टीचा वर्णपट घेऊन तो वजा करता येतो. कॅल्शियम फ्लोराइडची पट्टी वापरणे त्याहून चांगले, पण ती महाग पडते. अवरक्त वर्णपटात पाण्याचा १६४० प्रति सेंमीचा पट्टा प्रथिनांच्या १६५० च्या पट्ट्यावर बसतो, म्हणून थेंब वाळवून मोजतात. पावसाळ्यात हवेतल्या बाष्पाच्या बारीक रेषाही त्याच भागात उमटतात. त्यासाठी यंत्रात कोरडी हवा सोडावी लागते.

वैश्विक किरणांमुळे उमटलेले टोकदार काटे वजावटीच्या आधीच काढावेत, नाहीतर त्यांच्या आजूबाजूचा वक्र वाकडा बसतो.