फुटसालमधून आलेला फुटबॉल प्रशिक्षक

फुटसाल शिकवून कारकीर्द सुरू करणारा आणि पुढे अकरा जणांच्या संघाकडे वळणारा प्रशिक्षक. फुटसाल हा पाच-पाच खेळाडूंचा खेळ हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने १९३० मध्ये उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ शहरात मांडला. मैदान साधारण ४० बाय २० मीटर, कठीण जमिनीचे. चेंडू चार नंबरचा, म्हणजे नेहमीच्या फुटबॉलपेक्षा थोडा लहान, आणि कमी उसळणारा. ऑफसाइड, म्हणजे बचावफळीच्या पुढे उभे राहून पास घेण्यास मनाई करणारा फुटबॉलचा नियम, इथे नाही.

या वाटेचे ठळक उदाहरण मायकेल स्कुबाला. ते इंग्लंडच्या फुटसाल संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. २०२० मध्ये तिथल्या फुटबॉल संघटनेने फुटसालचा निधी कापला. २०२२ मध्ये स्कुबाला लीड्स युनायटेड या इंग्लिश क्लबच्या २१ वर्षांखालील संघाकडे गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्लबचा मुख्य संघ अचानक हाती आला आणि पहिल्याच सामन्यात त्यांनी मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर २-२ असे रोखले. नोव्हेंबर २०२३ पासून त्यांनी लिंकन सिटी हा दुसरा इंग्लिश क्लब सांभाळला.

अशा प्रशिक्षकाची खरी शिदोरी म्हणजे अडचणीच्या जागेतला निर्णय. बाहेर गेलेला चेंडू चार सेकंदांत खेळात आणायचा असतो, त्यामुळे पास येण्याआधीच मान वळवून पाहण्याची सवय लागते. उंच चेंडू, हेडर (डोक्याने मारलेला चेंडू) आणि ऑफसाइडची रेषा मात्र त्याला नव्याने शिकावी लागते. हा भाग सोपा समजू नये.

नागपुरात कामठी आणि मोमिनपुरा यांची ओळख मोठ्या मैदानावरच्या फुटबॉलची. अलीकडे उन्हाळ्यात पोरे रात्री दिव्यांखाली, तासाच्या भाड्याने घेतलेल्या टर्फवर खेळतात. कृत्रिम गवत आणि जाळीला लागून परतणारा चेंडू यांमुळे तो फुटसाल नव्हे, पण कमी जागेची शिस्त तीच. त्याहून मोलाचा वारसा झोपडपट्टी फुटबॉलचा आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये पावसात बादलीला लाथा मारत खेळणारी मुले पाहिली आणि त्यातून स्लम सॉकर ही संस्था उभी राहिली. तिथले खेळाडू बेघरांच्या विश्वचषकातही उतरले. त्या स्पर्धेत चार-चार जण २२ बाय १६ मीटरच्या कोर्टवर सात-सात मिनिटांची दोन सत्रे खेळतात. संस्थेचे काही जुने खेळाडू पुढे तिथेच प्रशिक्षक झाले.

दोन्ही खेळांत प्रशिक्षकाच्या परवान्यांच्या पायऱ्या वेगळ्या आहेत. आशियाई फुटबॉल महासंघाचा फुटसाल लेव्हल एक हा एक अभ्यासक्रम, आणि फुटबॉलचे डी, सी, बी, ए हे दुसरे. त्यामुळे एका खेळातून दुसऱ्यात जाणाऱ्याला पुन्हा तळापासून चढावे लागते.