वायुप्रदूषण आणि मृत्यूंचे ऋतुमान (मराठवाडा)

शहराची हवा बिघडली की रोजच्या मृत्यूंत किती भर पडते आणि ही भर प्रत्येक ऋतूत सारखीच असते का, हा साथरोगशास्त्राचा जुना प्रश्न आहे. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर धुरके साचले, तेव्हा सुमारे ४,००० जादा मृत्यू मोजले गेले. पुढच्या फेरमोजणीत हा आकडा १२,००० पर्यंत गेला. मराठवाड्यात असे एकदम डोळ्यात भरणारे काही घडत नाही. इथली भर रोज थोडीथोडी पडते, म्हणूनच ती सहज नजरेआड होते.

छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर ही तीन शहरे राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या (२०१९) हवा बिघडलेल्या शहरांच्या यादीत आहेत. पीएम २.५ या बारीक कणांची भारतातील वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली शिफारशीची मर्यादा ५ वर आणली.

दिवाळी सरली की पठारावरचे आभाळ निरभ्र होते आणि रात्री जमीन झपाट्याने निवते. तिला लागून असलेली हवा गार होते, वरची मात्र उबदारच राहते. भांड्यावर झाकण पडावे तसा धूर खालीच अडकतो आणि ऊन चढेपर्यंत हलत नाही. नेमक्या याच काळात वीटभट्ट्या पेटलेल्या असतात, उसाचे पाचट जाळले जाते, जालन्यात सळयांसाठी पोलाद वितळवणाऱ्या भट्ट्या चालू असतात आणि वस्त्यांतून पऱ्हाट्या-तुराट्यांवर पाणी तापते. उन्हाळ्यात धूळ भरपूर असते. पण ती बरीचशी मातीची, जाड कणांची, आणि तापलेली हवा वर उठून तिला पांगवते. धुराचे बारीक कण फुप्फुसात खोल उतरून रक्तापर्यंत पोहोचतात. मृग बरसला की हवा धुतली जाते.

म्हणून हिवाळ्यातले सगळे जादा मृत्यू धुराच्या नावावर टाकावेत, असे मात्र नाही. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, फ्लूसारखे आजार पसरतात. हृदयविकार आणि जुना दमा असलेली म्हातारी माणसे प्रदूषण नसतानाही या दिवसांत जास्त दगावतात. वैशाखात हीच गल्लत उष्म्यामुळे होते. म्हणून अभ्यासक जानेवारीची तुलना जूनशी करीत नाहीत. एकाच महिन्यातला सोमवार दुसऱ्या सोमवाराशी ताडून पाहतात आणि तापमान हिशेबात धरतात. देशातल्या दहा शहरांचा २००८ ते २०१९ या काळाचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पीएम २.५ दहा मायक्रोग्रॅमने वाढल्यावर रोजचे मृत्यू सुमारे १.४ टक्क्यांनी वाढलेले दिसले. त्या दहांत पुणे, मुंबई आणि हैदराबाद आहेत. मराठवाड्यातले एकही शहर नाही. बाहेरचा आकडा इथे जसाच्या तसा लावणे घाईचे ठरेल, कारण ऋतू आणि धुराची जात बदलली की परिणामही बदलू शकतो.

इथली खरी अडचण नोंदीची आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यानुसार मृत्यू जिथे घडतो तिथे नोंदला जातो. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात बीड, जालना, परभणीपासून रुग्ण येतात. गेवराईकडच्या एखाद्या बाईने जन्मभर चुलीचा धूर ओढला, पण शेवटचा श्वास घाटीत सोडला, तर ती शहराच्या आकड्यात मिळते. नोंदीतला राहण्याचा पत्ता पाहून असे मृत्यू वेगळे काढल्याशिवाय शहराच्या हवेबद्दल काही बोलणे धाडसाचे.

उलटा घोटाळा गावाकडे होतो. दसऱ्यानंतर बीड जिल्ह्यातली ऊसतोड मजुरांची कुटुंबेच्या कुटुंबे कारखान्यांकडे निघून जातात. जनगणनेची लोकसंख्या भाजक म्हणून धरली, तर मागे उरलेल्या म्हाताऱ्यांच्या गावाचा मृत्युदर ऐन धुराच्या दिवसांत आहे त्याहून कमी दिसतो.