बेगोवा जामिया : पांढऱ्या भिंतींची पार्श्वभूमी

बॉस्नियाची राजधानी असलेल्या सारायेव्होच्या जुन्या बाजारपेठेत शिरलेला प्रवासी फिरत फिरत बहुधा हुस्रेव-बेगच्या मशिदीच्या अंगणात येऊन थांबतो. नमाजाच्या वेळा टाळून, पादत्राणे बाहेर ठेवून आणि स्त्रियांनी डोके झाकून आत जाता येते. अंगणात लाकडी छत्रीखाली कारंजे आहे, कडेला दोन मकबरे आहेत आणि दारापुढे पाच लहान घुमटांची ओसरी आहे. आत गेल्यावर प्रशस्त पांढऱ्या भिंती दिसतात, आणि घुमटाच्या काठाने, कमानींच्या पोटात व मिहराबभोवती, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याभोवती, नेटकी रंगीत नक्षी व सुलेखन दिसते. हे सारे १५३१ च्या सुमाराचे असावे अशी पाहणाऱ्याची समजूत होते, आणि ती दूर करणारे आवारात फारसे काही आढळत नाही. दगडी सांगाडा खरोखरच त्या काळातला आहे. मात्र डोळ्यांना जे प्रथम दिसते तो रंग २००० नंतरच्या दोन-तीन वर्षांतला आहे, आणि तो तसा का झाला हे समजून घेण्यासाठी मशिदीच्या घुमटापेक्षा तिच्या उत्पन्नाचा इतिहास अधिक उपयोगी पडतो.

हुस्रेव हे नाव मराठी वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे जे खुस्रो म्हणून आले तेच बाल्कनमध्ये हुस्रेव झाले. हा सरदार आईच्या बाजूने उस्मानी (ऑटोमन तुर्की) सुलतानाचा नातू होता आणि १५२१ मध्ये तो बॉस्नियाचा सुभेदार झाला. मशिदीचा आराखडा तब्रीझहून इस्तंबूलला आणलेल्या एका इराणी वास्तुकाराचा मानला जातो. ज्याच्या नावावर पुढे उस्मानी वास्तुकलेचा सुवर्णकाळ लिहिला गेला त्या सिनानच्या आधी दरबारचे मुख्य वास्तुकारपद याच गृहस्थाकडे होते. मध्ये मोठा घुमट, मिहराबच्या बाजूला अर्धघुमट आणि दोन्ही अंगांना लहान दालने ही रचना इस्तंबूलच्या त्या वेळच्या पद्धतीला धरून आहे. गावकरी तिला साधेपणाने ‘बेगोवा जामिया’, म्हणजे बेगची जामा मशीद, असे म्हणतात.

मशिदीचे खरे महत्त्व मात्र तिच्याभोवती जे उभे राहिले त्यात आहे. हुस्रेव-बेगने तीन वक्फनामे, म्हणजे धर्मादाय कामासाठी मालमत्ता कायमची राखून ठेवणारे दस्त, केले. १५३१ च्या पहिल्या दस्तात मशिदीबरोबर अन्नछत्र, मुसाफिरखाना आणि दर्वेशांचे (सूफी फकिरांचे) निवासस्थान यांची सोय केली होती. १५३७ च्या दुसऱ्या दस्ताने मदरसा उभा राहिला. छतावर शिशाचे पत्रे असल्याने लोक त्याला ‘कुर्शुम्लिया’, म्हणजे शिशाचा, असे म्हणू लागले. या दस्तात एक कलम असे आहे की बांधकामातून जे पैसे उरतील त्यांतून चांगले ग्रंथ विकत घ्यावेत आणि ते वाचणाऱ्यांना व नकलून घेणाऱ्यांना उपलब्ध असावेत. त्या एका कलमातून निघालेले ग्रंथालय आजही चालू आहे. हा सगळा खर्च भागवण्यासाठी दुकाने, सराई, हमाम आणि शंभर मीटरहून लांब अशी छप्पर असलेली पेठ बांधली गेली, आणि तिच्या भाड्यातून दिव्याचे तेल, इमामाचे वेतन, कारंज्याचे पाणी व गिलाव्याची डागडुजी चालली. बॉस्नियात वक्फला ‘वकुफ’ म्हणतात आणि हा शब्द तिथे गावांच्या नावांतही मुरला आहे. दोन्यी वकुफ, गोर्न्यी वकुफ ही गावे नकाशावर सहज सापडतात. आपल्याकडे हा शब्द हल्ली जमिनीच्या वादापुरता ऐकू येतो. सारायेव्होच्या बाबतीत तो एका शहराच्या पायाभरणीचा शब्द आहे आणि त्याच अर्थाने येथे वापरला आहे.

पुढील तीन शतकांचा आढावा येथे थोडक्यात घेणे पुरे. १६९७ च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याच्या सैन्याने शहर जाळले, त्यात मशिदीचीही हानी झाली. ती पुन्हा उभी राहिली आणि तिची देखभाल वक्फच्या उत्पन्नातून होत राहिली. शेजारच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर सूर्यास्ताला बारा वाजतात आणि दिवसाची गणना तिथून सुरू होते. हे घड्याळ ऋतुमानाप्रमाणे सतत जुळवावे लागते. त्यासाठी आवारात १८५९ मध्ये कालगणकाची खोली बांधली गेली आणि १८७५ च्या सुमारास लंडनहून नवे यंत्र आणले गेले.

१८७८ मध्ये बर्लिनच्या तहाने बॉस्नियाचा कारभार ऑस्ट्रिया-हंगेरीकडे गेला आणि येथून या कथेला वेगळे वळण लागले. पुढच्याच वर्षी लागलेल्या मोठ्या आगीत बाजारपेठेचा बराच भाग जळाला. वक्फच्या मालकीची दगडी सराईही त्यात गेली आणि तिचे अवशेष आता एका हॉटेलाला लागून दिसतात. १८८३ पासून वक्फचा कारभार नव्या सरकारने नेमलेल्या मंडळाच्या देखरेखीखाली आला. १८८५-८६ मध्ये मशिदीचा अंतर्भाग नव्याने रंगवला गेला तो या व्यवस्थेत, आणि त्याचा आराखडा त्या राजवटीत नावारूपाला आलेल्या एका वास्तुकाराने केला. व्हिएन्नाच्या परंपरेत घडलेल्या त्या पिढीला इस्लामी शैली म्हणजे कैरोच्या मशिदी आणि स्पेनमधील अल्हाम्ब्रा एवढेच ठाऊक होते. त्यामुळे भिंती खालपासून वरपर्यंत दाट भौमितिक नक्षीने भरल्या गेल्या, आणि सोळाव्या शतकातल्या उस्मानी कारागिराला जी ओळखीची वाटली नसती अशी सजावट उस्मानी मशिदीत आली. दहा वर्षांनी नदीकाठी उभ्या राहिलेल्या नगरभवनाचीही तीच शैली आहे. राज्यकर्त्यांचे धोरणही त्यात होते. स्थानिक मुसलमानांचे इस्तंबूलशी असलेले नाते सैल व्हावे आणि त्यांना स्वतंत्र ‘बॉस्नियन’ ओळख मिळावी असा तो प्रयत्न होता. तरीही ही सजावट शहराने आपली मानली. १८९८ मध्ये मशिदीत विजेचे दिवे आले आणि जगातली पहिली विद्युतप्रकाशित मशीद हीच, असे सारायेव्होचे लोक अभिमानाने सांगतात. त्या दिव्यांत जे उजळले ते १८८६ चे रंग होते. पुढच्या चार पिढ्यांनी ईदची नमाज त्याच भिंतींमध्ये पढली.

१९०९ मध्ये बऱ्याच आंदोलनानंतर मुस्लिमांना वक्फ आणि शिक्षण यांबाबत स्वायत्तता मिळाली खरी, पण ती फार काळ टिकली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युगोस्लाव्ह राजवटीने शरियत न्यायालये बंद केली आणि दर्वेशांच्या मठांना कुलपे लावली. वक्फची दुकाने, घरे व जमिनी राष्ट्रीयीकरणात गेल्या. मदरसा मात्र चालू राहिला, आणि कित्येक वर्षे बॉस्नियातला तो एकमेव मदरसा होता. मशीदही उभी राहिली. परंतु जिच्या भाड्यावर ती चारशे वर्षे जगली होती ती बाजारपेठ आता तिची नव्हती. या घटनेला इतिहासलेखनात फारसे महत्त्व मिळत नाही, कारण तिच्यात आग नाही, तोफगोळे नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या मते १६९७ च्या आगीपेक्षाही हा घाव खोल होता. आगीनंतर मशिदीने स्वतःच्या पैशाने स्वतःला सावरले होते, आणि पुढच्या संकटात ते तिला शक्य झाले नाही.

ते संकट १९९२ मध्ये बॉस्नियातल्या युद्धाबरोबर आले. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६ असा वेढा शहराभोवती राहिला आणि भोवतालच्या डोंगरांवरून मशिदीवर तोफगोळे पडत राहिले. ऑगस्ट १९९२ मध्ये नगरभवनातले राष्ट्रीय ग्रंथालय जळाले. हुस्रेव-बेगच्या ग्रंथालयातील हस्तलिखिते मात्र कर्मचाऱ्यांनी गोळीबारात एका जागेवरून दुसरीकडे हलवत वाचवली. देशात इतरत्र शेकडो मशिदी पडल्या. बान्या लुका शहरातली १५७९ ची फरहादिया मशीद ७ मे १९९३ रोजी सुरुंगाने उडवली गेली आणि फोचा गावची अलाजा मशीद त्याच्या आदल्या वर्षी. त्या तुलनेत बेगोवा जामिया जखमी झाली पण उभी राहिली.

१९९६ मध्ये दुरुस्ती सुरू झाली ती सौदी अरेबियाहून आलेल्या मदतीवर, आणि आजवर न मिटलेला वाद तेथेच जन्माला आला. घुमट आणि भिंती दुरुस्त झाल्या. त्याबरोबर आतली रंगीत सजावट काढून टाकून भिंती पांढऱ्या करण्यात आल्या. या निर्णयाच्या बाजूने तीन गोष्टी सांगितल्या गेल्या. पहिली ही की तोफगोळ्यांनी आणि ओलीने गिलावा इतका खिळखिळा झाला होता की तो उतरवणे भागच होते. दुसरी ही की १८८६ ची नक्षी परकीय राज्यकर्त्यांनी लादलेली होती, म्हणून ती गेल्याने मशीद मूळ रूपाजवळ गेली. तिसरी अशी की प्रार्थनास्थळ साधे असावे आणि नक्षीने मन विचलित होते. पहिल्या युक्तिवादात तथ्य आहे. ज्या भिंतीत भेगा गेल्या आहेत तिच्यावरचा रंग जसाच्या तसा राखणे कठीण असते, आणि तेव्हा शहरात वीज-पाण्याचीही धड सोय नव्हती. पण गिलावा उतरवणे आणि नवा गिलावा कोरा ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत. नोंदी आणि छायाचित्रे यांच्या आधारे नक्षी पुन्हा काढता आली असती.

दुसरा युक्तिवाद अधिक नीट तपासायला हवा, कारण तो इतिहासाच्या नावाने केला गेला. १८८६ चे रंग मूळचे नव्हते हे खरे, परंतु कोरा पांढरा रंगही मूळचा नव्हता. उस्मानी मशिदींत कुंचल्याने काढलेली नक्षी ही वास्तुकामाचाच भाग होती आणि त्यासाठी वेगळे कारागीर असत. याचा पुरावा शोधायला इस्तंबूलपर्यंत जाण्याचीही गरज नाही. हुस्रेव-बेगच्या मशिदीनंतर वीस वर्षांच्या आत त्याच बॉस्नियात बांधल्या गेलेल्या फोचाच्या मशिदीला लोकांनी ‘अलाजा’ हे नाव दिले, आणि त्या शब्दाचा अर्थच रंगीबेरंगी असा आहे. तेव्हा १९९६ च्या पांढऱ्या भिंती १५३१ कडे परत जाणाऱ्या नव्हत्या. त्या विसाव्या शतकाच्या अखेरीस अरबस्तानातून आलेल्या एका धार्मिक अभिरुचीच्या होत्या. तिसरा युक्तिवाद या अभिरुचीचाच आहे. तो श्रद्धेचा प्रश्न म्हणून मांडला असता तर त्याच्याशी मतभेद ठेवूनही आदराने बोलता आले असते; त्याला मूळ रूपाचे लेबल लावणे हे मात्र इतिहासाशी प्रामाणिक नव्हते.

आपल्या ‘जीर्णोद्धार’ या शब्दातही हाच घोळ आहे. मोडलेले सांधणे आणि जुने काढून नवे घालणे ही दोन्ही कामे त्या एकाच शब्दात मावतात, आणि वर्गणी देणाऱ्याला दुसरे काम नेहमीच अधिक प्रिय असते, कारण ते डोळ्यांत भरते. सारायेव्होत वर्गणी देणारा परका होता आणि घेणाऱ्याची दुकाने अर्ध्या शतकापूर्वी गेलेली होती. वक्फचे भाडे हाताशी असते तर दुरुस्ती कदाचित अधिक वर्षे रेंगाळली असती, पण भिंतींचा निर्णय शहरात झाला असता. १८८६ मध्येही वक्फच्या तिजोरीच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हाती होत्या, आणि तेव्हाही भिंतींवर दुसऱ्याचीच आवड उतरली होती.

पांढऱ्या भिंतींवर बॉस्नियातून आणि बाहेरूनही टीका झाली. ती करणाऱ्यांत मशिदीत नियमित जाणारे लोकही होते, ही बाब महत्त्वाची आहे; हा वाद धार्मिक आणि निधर्मी असा नव्हता. अखेर २००० ते २००२ या काळात भिंती पुन्हा रंगवल्या गेल्या. हे काम बॉस्नियातल्याच एका सुलेखनकाराच्या देखरेखीखाली झाले. १८८६ ची दाट नक्षी परत आणली गेली नाही. मोकळी पांढरी जागा बरीच राखून, सोळाव्या शतकातील उस्मानी नमुन्यांच्या वळणाने नवी रचना केली गेली. आज प्रवासी जी पाहतो ती हीच. ती सुंदर आहे आणि संयत आहे, पण ती प्रतिकृती नव्हे, हे ध्यानात ठेवून पाहिली तर अधिक नीट दिसते.

वक्फच्या मालमत्तेचा प्रश्न तसाच राहिला आहे. राष्ट्रीयीकरणात गेलेल्या मालमत्ता मूळ मालकांना परत करण्याचा देशव्यापी कायदा युद्धानंतरच्या बॉस्नियात झाला नाही. काही वास्तू वापरासाठी परत मिळाल्या, पण त्या ज्या कायद्याच्या आधाराने कायमच्या मिळायला हव्यात तो नाही. ग्रंथालयासाठी मदरशासमोर बांधलेली नवी इमारत २०१४ मध्ये उघडली, आणि तिचा खर्च कतारने उचलला. फोचाची अलाजा २०१९ मध्ये पुन्हा उभी राहिली तीही परदेशी मदतीवर. तिथे मात्र जुनी छायाचित्रे, मोजमापे आणि नदीकाठी पुरलेले मूळ दगड यांचा आधार घेतला गेला, आणि नावाप्रमाणे रंगही परत आले.