मधुमेह-साहित्य पुनर्वाटप (कोकण)

मधुमेही व्यक्तीच्या घरी न वापरता उरलेले, किंवा दात्याने मुद्दाम विकत घेऊन दिलेले उपचार-साहित्य गोळा करून, तपासून, ते परवडत नसलेल्या अथवा वेळेवर मिळत नसलेल्या रुग्णांपर्यंत विनामूल्य पोचवण्याचे काम. इन्सुलिनच्या बाटल्या व कार्ट्रिज (पेनमध्ये बसवायच्या नळ्या), सिरिंज, इन्सुलिन टोचायचे पेन व पेनच्या सुया, शुगर तपासण्याचे यंत्र म्हणजे ग्लुकोमीटर, त्याच्या पट्ट्या आणि बोटाला टोचायच्या सुया हे यातले मुख्य साहित्य. गोळ्यांचे वाटप दुय्यम. कोकणपट्टीत या कामाला स्वतंत्र नाव रूढ नाही. ‘औषधपेढी’ किंवा ‘रुग्णोपयोगी साहित्य केंद्र’ या ओळखीच्या नावांखालीच ते मोडते. मात्र खाट, कुबड्या, चाकाची खुर्ची देणे आणि इन्सुलिन देणे यांत मूलभूत फरक आहे. खुर्ची वापरून परत येते. इन्सुलिन संपते, नासते, आणि चुकीच्या मापाने टोचले तर जिवावर बेतते.

उगम : या कामाचा प्रारंभ कोठे मानावा याबाबत एकमत नाही. एक मत तो टोरांटोपर्यंत मागे नेते. तेथे फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट, जे. जे. आर. मॅक्लाउड व जेम्स कॉलिप यांच्या प्रयत्नांतून इन्सुलिन हाती आले आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड टॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. पुढच्या वर्षी बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनी पेटंटचे हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. हे औषध कोणाच्या मक्तेदारीत जाऊ नये, हा हेतू त्यामागे होता. पण ते दान हक्कांचे होते, साहित्याचे नव्हे. दुसरे मत शांघायचा दाखला देते. दुसऱ्या महायुद्धात जपानी अंमलाखालील त्या शहरात इन्सुलिन मिळेनासे झाले, तेव्हा ईवा सॅक्सल या मधुमेही निर्वासित महिलेने व तिच्या पतीने म्हशीच्या स्वादुपिंडापासून ते स्वतः तयार केले आणि इतर रुग्णांनाही दिले. धैर्याची ही गोष्ट थोर खरीच, तरी तिला निर्मिती म्हणणे अधिक नेमके. तिसऱ्या मतानुसार, एका देशात उरणारे साहित्य गोळा करून दुसरीकडच्या गरजूंना नियमित पाठवण्याची पद्धत ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे, साधारण १९८०च्या दशकात, रॉन राब यांच्या पुढाकाराने आकाराला आली. ‘इन्सुलिन फॉर लाइफ’ ही संस्था त्यातूनच पुढे उभी राहिली. गोळा करणे, पारखणे आणि पाठवणे हे तिन्ही टप्पे येथे एकत्र दिसत असल्याने हे मत अधिक ग्राह्य वाटते.

भारतात घरोघरी उरलेली औषधे गोळा करण्याचे काम दिल्लीत ओंकारनाथ शर्मा यांच्यामुळे सर्वपरिचित झाले. कोकणापुरते पाहिले तर याची मुळे त्याहून जुन्या सवयीत शोधावी लागतात. गावाकडच्या माणसासाठी मुंबईहून वस्तू पाठवणे हा येथील घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार आहे. गणपतीला, शिमग्याला येणारा चाकरमानी शेजारच्या म्हातारीची औषधेही पिशवीतून आणतो. संघटित पुनर्वाटप म्हणजे याच पिशवीला दिलेली शिस्त होय.

गरज : भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडिआब पाहणीनुसार (२०२३) देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. प्रौढांतील प्रमाण ११.४ टक्के. सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, सिंधुदुर्गाला लागून असलेल्या गोव्यात आढळले. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचा आकडा ८.४ टक्के होता.

पुनर्वाटपाच्या दृष्टीने संख्येपेक्षा मधुमेहाचा प्रकार महत्त्वाचा. दुसऱ्या प्रकारच्या बहुसंख्य रुग्णांचे गोळ्यांवर भागते आणि मेटफॉर्मिनसारखी गोळी जनऔषधी दुकानात स्वस्त मिळते. पहिल्या प्रकारात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ तयारच करत नाही. हा रुग्ण बहुधा मूल किंवा तरुण असतो. त्याचे इन्सुलिन पूर्ण बंद पडले तर काही दिवसांत, कधी त्याहून लवकर, रक्तात आम्ल साठून प्राण धोक्यात येतो. म्हणून अशा मुलाला एकदाच दिलेल्या दहा बाटल्यांपेक्षा दर महिन्याला न चुकता मिळणाऱ्या तीन बाटल्या मोलाच्या ठरतात. सरकारी रुग्णालयांतून इन्सुलिन मोफत मिळते. अडचण होते ती साठा संपला, रस्ता खचला किंवा पट्ट्या मिळाल्या नाहीत की. पट्ट्यांचा खर्च तर घराला सतत सोसावा लागतो. दिवसातून चार वेळा तपासायचे म्हटले की महिन्याला सुमारे १२० पट्ट्या लागतात. दात्यांनी सर्वाधिक लक्ष द्यावे असे हेच साहित्य आहे, आणि बहुतेकदा सर्वांत कमी येते तेही हेच.

मापांची जोडी : भारतात इन्सुलिनची बाटली प्रामुख्याने यू-४० मापाची असते, म्हणजे दर मिलिलिटरमध्ये ४० एकके, १० मिलिलिटरच्या बाटलीत ४०० एकके. पेनमधील ३ मिलिलिटरचे कार्ट्रिज मात्र यू-१०० मापाचे, ३०० एककांचे. परदेशातून येणाऱ्या बाटल्याही बहुधा यू-१०० असतात. सिरिंज मापानुसार वेगळ्या : यू-४० चे टोपण लाल, यू-१०० चे नारिंगी. मेणबत्तीच्या उजेडात किंवा मोतीबिंदूच्या डोळ्यांना हे दोन रंग सारखेच भासतात.

डॉक्टरांनी २० एकके सांगितली आहेत असे धरू. यू-१०० चे इन्सुलिन यू-४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढले तर अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० एकके शरीरात जातात, अडीचपट मात्रा. साखर एकदम उतरून माणूस झोपेतच बेशुद्ध पडू शकतो. उलट यू-४० चे इन्सुलिन यू-१०० च्या सिरिंजमध्ये त्याच खुणेपर्यंत घेतले तर जेमतेम ८ एकके पोचतात आणि साखर का उतरत नाही हे कोणालाच कळत नाही. पेन मोडले म्हणून कार्ट्रिजमध्ये घरची लाल टोपणाची सिरिंज खुपसून इन्सुलिन काढणे हा याच चुकीचा घरगुती अवतार. त्यामुळे नुसती बाटली किंवा नुसती सिरिंज वाटू नये, बाटली आणि त्याच मापाची सिरिंज एकत्र बांधून द्यावी, हा या कामातला पहिला नियम मानला पाहिजे.

यंत्र आणि पट्ट्यांची जोडीही अशीच. एका कंपनीच्या यंत्रात दुसरीची पट्टी चालत नाही. बाजारातून गेलेल्या यंत्राची दान आलेली शंभर पाकिटे कोणाच्याच कामाची नसतात. आणखी एक बाब किनाऱ्यावर विशेष लक्षात ठेवावी लागते. रत्नागिरी-रायगडमधील अनेक कुटुंबांचे नातेवाईक ब्रिटन, दक्षिण आफ्रिका अशा देशांत आहेत आणि तेथील यंत्रे साखर मिलिमोलमध्ये दाखवतात. आपल्याकडचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो. मिलिमोलच्या आकड्याला १८ ने गुणले की तो मिळतो. परदेशी यंत्रावरचा १५ हा आकडा म्हणजे आपला २७०. ‘पंधराच तर आहे’ म्हणून घरातल्यांनी निर्धास्त होणे किती घातक, हे वेगळे सांगायला नको.

थंडावा आणि दमटपणा : न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायचे असते, उघडलेली बाटली साधारण २५ ते ३० अंशांपर्यंतच्या तापमानात सुमारे चार आठवडे चालते. नेमकी मुदत त्या त्या वेष्टनावर पाहावी. फ्रीज नसलेल्या घरांना मातीच्या मडक्याचा सल्ला सरसकट दिला जातो. मडके गार होते ते पाणी बाहेर झिरपून उडून गेल्याने. घाटावरच्या कोरड्या उन्हात हे छान साधते, कोकणच्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावते आणि मडक्यातला थंडावा त्या मानाने कमी राहतो. मडके निरुपयोगी आहे असे नव्हे, पण त्याचा भरवसा घाटावरच्याइतका धरू नये. दिलासा देणारी बाब म्हणजे ‘मेदसाँ साँ फ्राँतिएर’ ही आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मदत-संस्था आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २५ ते ३७ अंशांच्या चढउतारात चार आठवडे ठेवलेल्या इन्सुलिनची शक्ती टिकून असल्याचे दिसले. यावरून वाटप करणाऱ्यांनी साठा उघड्यावर ठेवावा असा अर्थ काढता येणार नाही. रुग्णाने घरातली एक बाटली घाबरून फेकू नये, एवढाच त्याचा अर्थ.

गोठणे हे तापण्याइतकेच वाईट, आणि ते चटकन लक्षात येत नाही. थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशवीला थेट टेकलेली बाटली वाटेत गोठते आणि पोचेपर्यंत पुन्हा वितळते. पाण्यासारखे दिसणारे इन्सुलिन अशा वेळी पूर्वीसारखेच दिसू शकते. दुधी इन्सुलिनची पारख थोडी सोपी : बाटली दोन्ही तळव्यांत धरून पोळीच्या उंड्यासारखी हळूच फिरवायची, हलवायची नाही. चांगले औषध एकसारखे दुधाळ होते. काचेच्या आतून पांढुरके कण चिकटून राहिले किंवा तळाशी गाठी फिरताना दिसल्या तर ती बाटली बाद. म्हणून खोके भरताना बर्फ आणि बाटली यांच्यामध्ये जाड फडक्याची घडी असावी लागते.

पट्ट्यांचा शत्रू उष्णतेपेक्षा ओलावा. पट्टीवरचे विकर (एन्झाइम) हवेतील आर्द्रतेने बिघडते. म्हणूनच डबीच्या झाकणात किंवा भिंतीत ओल शोषणारा पदार्थ असतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पट्टीत आषाढात उघडी राहिलेली डबी वाया गेली असेच समजावे. एका डबीतल्या पंचवीस पट्ट्या कागदात सोडवून पाच जणांना वाटणे प्रेमाचे वाटते, पण त्यामुळे पाचही जणांच्या हाती चुकीचे आकडे येतात.

वादळाच्या दिवसांत या साऱ्याची कसोटी लागते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकल्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागांत वीज अनेक दिवस नव्हती. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा वेळी एकाच मोठ्या फ्रीजमधला साठा एकाच वेळी धोक्यात येतो. साठा दोनतीन ठिकाणी विभागून, शक्यतो जनित्र असलेल्या रुग्णालयांत ठेवणे शहाणपणाचे.

घरातून आलेले इन्सुलिन : अभ्यासकांत खरा मतभेद येथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेची औषधदानाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे १९९६ मध्ये प्रथम आली, पुढे सुधारली गेली. रुग्णाला एकदा दिलेले औषध परत घेऊन दान करू नये आणि पोचताना औषधाची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, अशी अपेक्षा त्यांत आहे. १९८८ च्या आर्मेनियातील भूकंपानंतर आलेल्या सुमारे ५,००० टन औषधांच्या ढिगाचा अनुभव त्यामागे होता. ती निवडायलाच सहा महिने लागले. याउलट, न उघडलेली, शीतसाखळी न तुटलेली, म्हणजे सतत थंडाव्यात राहिलेली बाटली केवळ घरातून आली म्हणून फेकणे हा गरिबांवरील अन्याय आहे, असे काही कार्यकर्ते म्हणतात. मुद्दा मनाला भिडणारा आहे. पण बाराव्या-तेराव्यानंतर वडिलांची औषधे डोळ्यांत पाणी आणून देणाऱ्या मुलाला ती बाटली फ्रीजच्या दारात होती की बर्फाच्या कप्प्याखाली, आणि त्या काळात वीज किती वेळ गेली होती, हे कसे सांगता येणार? त्यामुळे मधला मार्ग अधिक योग्य वाटतो : घरातून आलेल्या बंद सिरिंज, पेनच्या सुया, मुदतीतील सीलबंद पट्ट्या व टोचायच्या सुया घ्याव्यात, इन्सुलिन मात्र दुकानातून किंवा वितरकाकडून थेट विकत घेऊनच द्यावे. वापरलेले पेन आणि बोट टोचायचे उपकरण कोणत्याही स्थितीत दुसऱ्याला देऊ नये. सुई बदलली तरी आधीच्या माणसाचे रक्त आत राहू शकते, आणि त्यातून कावीळ ‘ब’ सारखे संसर्ग पसरतात.

गोळ्यांच्या बाबतीत आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. पाकिटातून चार गोळ्या कात्रीने कापून दिलेल्या असतात आणि मुदतीची तारीख, बॅच क्रमांक नेमके कापलेल्या टोकावर राहून गेलेले असतात. असे तुकडे स्वीकारू नयेत.

कायदा : औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० हा विक्रीप्रमाणेच औषधांच्या वितरणालाही परवान्याच्या कक्षेत आणतो. औषध देण्याचे काम नोंदणीकृत औषधनिर्मात्याने (फार्मासिस्टने) करावे, असे फार्मसी अधिनियम, १९४८ सांगतो. म्हणून संस्थेने स्वतः इन्सुलिन वाटण्याऐवजी रुग्णालय किंवा औषध दुकानामार्फत, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते मिळवून देणे सुरक्षित. परदेशातून आलेल्या वस्तूंनाही विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० लागू होऊ शकतो.

रुग्णाची अब्रू : वाडीत कोणाकडे कसले खोके आले हे संध्याकाळपर्यंत सर्वांना ठाऊक होते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या मुलीचे आईवडील लग्न जमण्याच्या काळजीने आजार लपवतात आणि त्यापायी मदतही नाकारतात. जाहीर समारंभात, छायाचित्रे काढून इन्सुलिन वाटणे अशा घरांना या कामापासून दूर लोटते. साध्या पिशवीतून, दवाखान्याच्या नेहमीच्या भेटीतच साहित्य देणे हे केवळ सौजन्य नसून उपचाराचाच भाग आहे.

वापरलेल्या सुया : घरातल्या सुया व सिरिंज घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या. साहित्यासोबत घट्ट झाकणाची जाड प्लास्टिकची बरणी द्यावी. ती पाऊण भरली की झाकण लावून जवळच्या रुग्णालयात जमा करावी. समुद्रात, खाडीत किंवा परसातल्या खड्ड्यात सुई टाकू नये. किनाऱ्यावर अनवाणी चालणारे पाय फार आहेत.